मल्लम्मांच्या नाकावरून मला काढलं तेव्हा

मी एक जुना चष्मा आहे. मित्रांनो, आधीच सांगतो, मी जळका आहे. गोड बोलणारा चष्मा हवा असेल तर दुकानात जा.

पाथरीच्या बाजारात माझ्या काचा घासल्या. तेव्हापासून मी पालमच्या मल्लम्मांच्या नाकावर आहे. डाळीतले खडे मीच दाखवतो. सकाळी त्या तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजेला बसतात, तेही मीच दाखवतो. माझी एक काडी मोडली, तर त्यांनी काळा दोरा बांधला. "ह्यो माजा तिसरा डोळा हाय," असं शेजारच्या कोकिळाबाईंना सांगायच्या. त्या एका वाक्यावर मी कितीतरी उन्हाळे काढले.

यंदा त्यांचा भाचा मल्लेश पुण्याहून एक पेटी घेऊन आला. डोळ्यांवर बांधायची, की आत देऊळ दिसतं. किमतीत दुभती म्हैस यावी. झोपायला मखमली पिशवी. माझी डबी कधीच हरवली. मी कोनाड्यात, काडेपेटीशेजारी झोपतो.

मल्लेशला अशा पेट्या घेऊन पाथरीत भाविकांसाठी दुकान थाटायचं होतं. त्यासाठी मावशीच्या सोन्याच्या पाटल्या हव्या होत्या. "मावशे, तू बघ. पटलं तर दे," तो म्हणाला. मल्लम्मांचं माहेर चारठाण्याचं. गुडघे गेल्यापासून तिथलं देऊळ त्यांनी पाहिलं नव्हतं. मल्लेशने नेमकं तेच पेटीत भरून आणलं होतं.

त्याने मला काढून कोनाड्यात ठेवलं. वर म्हणाला, "कपाळावरचं भस्म पूस, मावशे. आतली गादी खराब व्हईल."

माझ्या काचांवर रोज भस्म पडतं. मी कधी पुसायला सांगितलं नाही.

"मावशीला घाण्याला जुपायलास का रे?" कोकिळाबाई दारातून म्हणाल्या. "बैलाला झापडं बांधल्यावानी दिसायलीय."

"काय दिसायलंय, मावशे?"

"उजेड दिसायलाय. देव दिसंना."

दिसेल कसा? मी कोनाड्यात होतो ना. मग मल्लेशने सांगितलं, चष्मा लावणाऱ्यांना पेटीच्या काचा वेगळ्या मागवाव्या लागतात. म्हणजे म्हशीएवढं मोल द्यायचं आणि डोळे आपलेच आणायचे.

शेवटी त्याने मला पेटीत कोंबलं. काड्या वाकल्या, दोरा काचला. पण मल्लम्मांना देऊळ लख्ख दिसलं. खांबांवरची नक्षी दिसली, उंबरठा दिसला. "लय भारी यंतर हाय रे," त्या म्हणाल्या. हात पाटल्यांकडे गेला.

यंतर म्हणे. दाखवत मी होतो.

आणि उंबऱ्याला कपाळ टेकवायला त्या वाकल्या. कपाळ गेलं थेट फरशीवर. पेटीच्या तोंडाला तडा गेला, माझ्या डाव्या काचेलाही.

"ह्याच्यात वाकायचं नसतंय, मावशे." मल्लेश रडकुंडीला आला.

मल्लम्मा कपाळ चोळत म्हणाल्या, "देव दिसल्यावर माणूस वाकणारच की, बाबा. तुज्या कंपनीला एवढं कुणी सांगितलं न्हाई? अजून न्हाई जमलं तिला. जमलं की ये. पाटल्या हितंच हायत."

मला आनंद झाला. लाज वाटायला हवी होती, वाटली नाही. पण मग त्यांनी पदराने ती पेटी पुसली, आणि नंतर मला. आधी तिला. ते अजून डाचतं.

मित्रांनो, चष्मा काचेवर पालथा ठेवू नका. मऊ फडक्याने पुसा. नवं यंत्र खुशाल आणा. पण ते कुणाच्या डोळ्यांवर बांधायचं असेल, तर त्या माणसाला विचारा, दिसतंय का. आणि उत्तर येईपर्यंत मला हातातच धरा.