पुरुषांच्या ताटातला मासा

त्या सकाळी अकरा वर्षांची सिफा पाण्याला जायला उठली, पण तिचे पाय उठले नाहीत. गुडघे ताठलेले, टाचा जमिनीला टेकेनात. दोन पावलं कशीबशी टाकून ती अंगणात कोसळली. ना ताप, ना कळ. आई मुआझिझाला आधी हसूच आलं. "सोंगं पुरे गं! हंडा घे नि नीघ." मग पोरीचा चेहरा बघून तिनं हंबरडा फोडला, आणि तो ऐकून अबुदो धावत आला.

अबुदो सिफाचा मामा. मकुआ जमातीत घरात शब्द चालतो तो मामाचा. बाप लग्न करून बायकोच्या गावी येतो, राबतो, आणि मेहुण्याचं ऐकतो.

पाऊस दोन वर्षं फसला होता. मका करपला, शेंगा आल्याच नाहीत. उभा राहिला तो फक्त कडू कसावा, साबुदाणा होतो त्या कंदाचीच कडू जात, जो रानडुकरंसुद्धा हुंगून सोडतात. त्याचंच पीठ घाटून दोन्ही वेळा खायचं. आणि त्या महिन्यात गावातली पाय गेलेली सिफा सातवी होती. आधीच्यांत चार पोरं, दोन लेकुरवाळ्या बाया. लोक दबक्या आवाजात म्हणत, करणी आहे.

करणी कुणाची, हे अबुदोनं मनाशी ठरवून टाकलं. सिफाचा बाप उसेने किनाऱ्याकडचा, कोळ्याच्या घरातला. बायकापोरांना आपल्या आईकडे न्यायचं म्हणून पंधरा दिवसांपूर्वीच त्यानं भांडण काढलं होतं. अबुदो म्हणाला होता, "आमच्या पोरी नवऱ्याच्या मागे जात नाहीत." त्यावर उसेने चिडून बोलून गेला होता, "मग राहा इथंच! पोरांचे पाय रुततील या मातीत."

"तुझी जीभ फळली, दाजी," अबुदो आता म्हणाला. "उचल तुझी चटई."

उसेनेनं मुआझिझाकडे पाहिलं. पण बाईनं भावापुढे बोलायची रीत नव्हती. सिफा "बाबा, बाबा" करत राहिली आणि तो खाली मान घालून निघून गेला.

आठ दिवसांनी शहरातून लुर्देस नावाची नर्स आली. तिनं आंब्याखाली सगळ्यांना बसवलं, प्रत्येकाची लघवी बाटलीत घेतली आणि कागदाच्या पट्टीवर तपासली. पट्टीमागून पट्टी गडद होत गेली.

"कसावा किती दिवस वाळवता?" तिनं विचारलं.

"पूर्वी वीस-पंचवीस दिवस वाळवायचो," मुआझिझा म्हणाली. "यंदा चार. पोटाला कुठं कळतं, बाई?"

"आणि मासा? घरात मासा कोण खातं?"

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. सायकलवरून सुका मासा विकायला येणारा आता महिन्यातून एकदा फिरकायचा, आणि मूठभर देऊन जायचा.

"येतो तेवढा पुरुषांना," मुआझिझा म्हणाली. "आम्ही भांडं पुसून घेतो."

लुर्देसनं वही मिटली. "नीट ऐका. करणीबिरणी काही नाही. कडू कसाव्यात विष असतं. दुष्काळात ते वाढतं आणि उन्हात पुरेसं वाळवलं की उडून जातं. राहिलेलं विष आपलं अंग गंधकानं बांधतं आणि लघवीवाटे बाहेर काढतं. हे गंधक अन्नातून येतं. प्रथिनं म्हणजे माळ समजा. तिच्यातले दोन मणी गंधकाचे, मेथिओनीन आणि सिस्टीन. मासा, अंडं, मांस यांत ते भरपूर असतात, शेंगांत थोडे. कसाव्यात नसल्यात जमा. गंधक संपलं की विष मोकळं सुटतं आणि पायांच्या नसा जाळतं."

अबुदो ताडकन उभा राहिला. "म्हणजे पोरीच्या तोंडचं मी खाल्लं, असं म्हणायचंय तुला?"

"मी नाही तसं म्हणत, मामा. तुम्हाला कुठं ठाऊक होतं? तुमची पट्टीही बघा, गडदच आहे. विष तुमच्याही पोटात गेलं. तुमच्याकडे ते बांधायला दोरी होती, एवढंच."

अबुदो खाली बसला. मग त्यानं विचारलं, "धावेल का ती?"

"आजार वाढणार नाही. पाय थोडे सुटतील. पण पूर्वीसारखी धावणार नाही."

दुसऱ्या दिवशी अबुदो किनाऱ्याच्या वाटेला लागला. दीड दिवसाची चाल. उसेने वाळूत बसून जाळं सांधत होता. त्यानं वर पाहिलं नाही.

"आता काय राहिलंय, दादा? चटई नेलीय मी."

अबुदोनं नर्स म्हणाली ते सगळं सांगितलं, अडखळत, मधले शब्द विसरत. शेवटी म्हणाला, "तू त्यांना इकडे आणायला निघाला होतास. मी आडवा आलो."

उसेनेच्या हातातली सुई थांबली. "माशाच्या त्या वाडग्यात माझाही हात असायचा," तो म्हणाला. "सिफा समोर बसायची. एक तुकडा द्यावा, हे मला तरी कधी सुचलं?"

मग उसेनेच्या म्हाताऱ्या आईनं दोघांना जेवायला हाक मारली. अबुदोनं पुढ्यातला मासा बाजूला काढून ठेवला.

अबुदोनं स्वतःच मुआझिझाला मुलांसह किनाऱ्यावर धाडलं, तेव्हा गावानं नावं ठेवली. "मामानंच घर मोडलं!" अबुदोनं ऐकून घेतलं. स्वतःच्या अंगणात त्यानं कसावा वीस दिवस वाळत ठेवला, उपाशी राहिला पण कुणाला हात लावू दिला नाही. माशाचा वाडगा चुलीपाशी बायका-पोरांमध्ये ठेवायला लावला. शेजारचे पुरुष म्हणायचे, "आम्ही काय मीठ चाटू?" तो म्हणायचा, "चाटा."

वर्षभरानं तो बहिणीकडे गेला. सिफा दारात मासे साफ करत होती, शेजारी काठी. ती टाचा उचलून, पाय ओढत त्याच्यापर्यंत आली. आल्या आल्या तिनं त्याला न्याहाळलं.

"मामा, किती रे वाळलास! माझ्यापेक्षा तूच लंगडतोस की."

"दीड दिवस चाललोय, बये."

तो हसला, आणि हसता हसता वाळूत बसून रडायला लागला. सिफा परत जागेवर गेली, सुरी उचलली आणि उरलेले मासे साफ करायला लागली.