घरात माणसं किती?

रिटर्न भरायचे दिवस आले की रिटर्नवाल्यांचं डोकं सकाळी सकाळीच तापायचं, आणि त्यात त्यांची फारशी चूक होती असं म्हणवत नाही. माणसं येतच तशी. एक जण वर्षभराचे कागद भाजीच्या पिशवीत कोंबून आणायचा आणि पिशवी टेबलावर पालथी करून वर विचारायचा, "बघा, सगळं आहे ना?" दुसरा एकही कागद न आणता ऐटीत खुर्ची ओढायचा. "तुमच्याकडे असेलच की मागच्या वर्षीचं." एक निवृत्त मास्तर तर रिटर्नवाल्यांची बेरीज स्वतः पुन्हा करून बघत, आणि ती बरोबर निघाली की त्यांचं तोंड उतरायचं.

लोक त्यांना रिटर्नवाले म्हणत ते उगाच नाही. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं ऑफिस होतं. टेबल, टेबलामागे त्यांची हाताची खुर्ची, समोर येणाऱ्यासाठी एक डुगडुगती खुर्ची आणि खिडकीपाशी वाट बघणाऱ्यांचं बाकडं. मधलं दार उघडलं की स्वयंपाकघर. तिथून बायको संध्याकाळी हाक मारायची, "अहो, येताय ना?" आणि हे इकडून म्हणायचे, "आलोच." हे आलोच रात्रीच्या जेवणापर्यंत चालायचं, आणि पुष्कळदा ती बिचारी एकटीच जेवून घ्यायची. रुसणं तिनं केव्हाच सोडून दिलं होतं. रिटर्नवाल्यांना ते बरंच वाटलं होतं.

धंद्यात त्यांचा एक नियम होता: मनाचं काही लिहायचं नाही. समोरचा सांगेल तेच लिहायचं, आणि घरातल्या माणसांचा रकाना आला की नवरा-बायको दोघांनाही विचारायचं. आणि एक सवय होती, जी धंद्यातल्या सगळ्यांनाच असते. कोणी बोटीवर नोकरीला असतो, कोणी भाड्याची दोन घरं सोडून तिसरं शोधत असतो. अशांचा पत्ता म्हणून ते आपलाच टाकून द्यायचे. 'द्वारा' लिहायचं आणि खाली ऑफिसचा पत्ता. पत्रं आली की खणात ठेवायची. त्यात कधी कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

यंदाच्या गिऱ्हाइकांत एक जोडपं नवं होतं. नवरा गुळगुळीत दाढी केलेला, सारखा घड्याळ बघणारा. बायको पर्स छातीशी धरून बसणारी. सगळे कागद नीट लावून आणलेले. रिटर्नवाले मनातून सुखावले. मग त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला.

"घरात माणसं किती?"

"कुठली माणसं धरायची?" नवऱ्यानं विचारलं.

"कुठली म्हणजे? राहणारी."

"तीन," नवरा म्हणाला. "चार," बायको त्याच दमात म्हणाली.

रिटर्नवाल्यांनी पेन खाली ठेवलं. मागच्या वर्षीचं रिटर्न दुसऱ्या कोणीतरी भरलेलं होतं. त्यात चार माणसं होती: नवरा, बायको, मुलगा, आणि चौथ्या ओळीत नाव नाही, नात्याच्या जागी नुसतं 'इतर'.

"हे इतर कोण?"

नवऱ्यानं घड्याळ पाहिलं. मग नवऱ्याला काहीतरी काम आठवलं आणि दोघं उठून गेली.

त्यानंतर सुरू झाला तो छळ. आज फोन करावा तर नवरा म्हणे, "तीनच लिहा, पण अजून थांबा." उद्या बायको म्हणे, "थांबा हं, ह्यांना विचारून सांगते," आणि फोन बाजूला ठेवून जी जायची ती परत यायचीच नाही. रिटर्नवाले कानाला रिसीव्हर लावून त्यांच्या घरातले आवाज ऐकत बसायचे. नळ, मुलाचा अभ्यास, आणि कोणीतरी खुर्ची सावकाश पुढे ओढून घेतल्याचा आवाज. फोनजवळची खुर्ची. रिटर्नवाले "हॅलो" म्हणायचे आणि पलीकडून कोणी काही बोलायचं नाही, पण कोणीतरी ऐकतंय हे त्यांना पक्कं कळायचं. अशा वेळी तेच घाईनं रिसीव्हर खाली ठेवून द्यायचे.

"आज साडेतीन आले होते का?" बायको चहा आणून द्यायची तेव्हा चेष्टेनं विचारायची. तीन की चार ते ठरत नाही म्हणून तिनंच त्या जोडप्याला हे नाव पाडलं होतं.

शेवटच्या दिवशी भर दुपारी साडेतीनांची जोडी हजर झाली. बाहेर रांग लागलेली, आणि हे टेबलाशी भांडतायत.

"तीन लिहा हो," नवरा म्हणाला.

"नको नको! त्याला गाळू नका," बायको रडकुंडीला येऊन नवऱ्याला म्हणाली. "गाळलं की आपल्यातलं एक जातं. माहीत नाही का तुम्हाला?"

"मग चार लिहून अजून एक वर्ष काढायचं?"

"अहो, पण चौथं माणूस गेलं कुठे हे सांगावं लागतं!" रिटर्नवाले ओरडले. "ओळ कमी करायची तर त्याचा नवा पत्ता द्यावा लागतो. पत्ता द्या, मी तीन लिहितो!"

नवऱ्यानं बायकोकडे पाहिलं. मग तो हळूच म्हणाला, "पत्ता आमच्याकडे कुठला असणार? तुम्हीच काय ते लिहा."

रिटर्नवाल्यांच्या अंगाचा तिळपापड झाला होता. बाकड्यावरचे मास्तर घसा खाकरत होते. नियम त्यांना आठवला नाही, आठवली ती सवय. त्यांनी साडेतीनांच्या घरात तीन माणसं लिहिली, चौथ्या ओळीतल्या 'इतर'पुढे 'द्वारा' लिहिलं, खाली स्वतःचा पत्ता टाकला आणि रिटर्न पाठवून दिलं.

"झालं! सुटलात!"

"सुटलो," बायको म्हणाली आणि तिनं पर्स पहिल्यांदाच मांडीवर ठेवली. नवऱ्यानं घासाघीस न करता फी दिली, आणि हे रिटर्नवाल्यांना जरा विचित्र वाटलं. जाताना ती बाई दाराशी थांबली. खोलीच्या रिकाम्या कोपऱ्याकडे पाहून, पाहुण्याला सोडून निघावं तशा सुरात म्हणाली, "येते. इथे बरं वाटेल तुम्हाला."

गडबड संपली. रिटर्नवाले दोन दिवस नुसते झोपले. तिसऱ्या दिवशी ऑफिसात आले तर टेबलामागच्या त्यांच्या खुर्चीची उशी मधोमध दबलेली होती, आणि हात लावला तर कोमट लागली. बायको बसली असेल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. ती त्या खुर्चीत कधीच बसत नसे, हे त्यांना ठाऊक होतं.

मास्तर दारावरून चालले होते, तेव्हा रिटर्नवाल्यांनी कागद न्यायला हाक मारली. "मिळाला की. तुमच्या भावानं दिला," ते दारातच म्हणाले. "फार शांत माणूस. तुमच्यासारखी चिडचिड नाही."

रिटर्नवाल्यांना भाऊ नव्हता.

संध्याकाळी स्वयंपाकघरातून हसू ऐकू आलं. बायकोचं. असं मोकळं हसताना त्यांनी तिला कितीतरी दिवसांत ऐकलं नव्हतं. ते दारात जाऊन उभे राहिले. ती ओट्याशी पाठ करून सांगत होती, लहानपणी तिच्या मामानं तिला सायकल कशी शिकवली ते. मध्येच थांबायची, कोणी विचारावं तसं, आणि पुढे सांगायची. टेबलापाशी कोणी नव्हतं. एक खुर्ची मात्र कोणी बसावं तेवढी बाहेर ओढलेली होती. टेबलावर चहाचे दोन कप होते.

रिटर्नवाल्यांनी त्यातला एक उचलला.

"अहो, तो त्यांचा आहे," ती मागे वळून म्हणाली. रागावून नाही, अगदी साधेपणानं. मग जरा गोंधळली. "तुम्हाला दुसरा टाकते ना." आणि टाकायला विसरली.

ते हबकून गेले. त्यांना तिचा राग आला, मग स्वतःचा आला, आणि शेवटी नुसतीच भीती उरली. ती सायकलची गोष्ट त्यांनी कधी ऐकलीच नव्हती. इतक्या वर्षांच्या संसारात तिनं ती सांगायला घेतली असेलही, आणि ते आलोच म्हणाले असतील.

दुसऱ्या दिवशी जेवायला दोनच ताटं मांडली होती. ते आपल्या जागेवर बसायला गेले तर ती घाईनं म्हणाली, "तिथे नको, प्लीज." परक्या माणसाला सांगावं तसं.

त्यांनी साडेतीनांना फोन लावला. कोणी उचलेना. पुन्हा लावला. मग बाईनं उचलला आणि म्हणाली, "थांबा हं, ह्यांना विचारून सांगते," आणि परत आली नाही. या खेपेला मात्र पलीकडे कोणी ऐकत नव्हतं. नळ वाहत होता, मुलगा पाढे म्हणत होता, आणि बाकी घर अगदी रिकामं होतं.

तेव्हा ते रिटर्नचे कागद पिशवीत घेऊन थेट त्यांच्या घरी गेले. नवऱ्यानं दार अर्धवट उघडलं. आत मुलगा जमिनीवर ऐसपैस पसरून खेळत होता.

"ते काय होतं?" रिटर्नवाल्यांनी विचारलं.

"मला काय माहीत साहेब," नवरा बाहेर येत, दार मागे ओढून घेत म्हणाला. "आधीच्या रिटर्नवाल्यानं चुकून एक ओळ जास्त भरली. आम्ही चार माणसं, त्यानं पाच लिहिली. तेव्हापासून होतं. त्रास काही नाही त्याचा. बसतं, ऐकतं. पुढच्या वर्षी मी शहाणपणानं चूक दुरुस्त करायला गेलो आणि नवा पत्ता न देताच चार लिहिले. घरात पाच, कागदावर चार. मग एक माणूस जास्त व्हायला लागलं."

"कोण?"

"माझी आई." त्यानं ओढून घेतलेल्या दाराकडे पाहिलं. "घरातच होती हो. पण तिचं ताट मांडायचं कुणाला सुचेना. मलासुद्धा नाही. शेवटी तिनं बॅग भरली आणि मावशीकडे निघाली. दारात मला म्हणाली, तुमच्याकडे बसून बरं वाटलं, येते. आता तिथेच राहते. मी भेटायला जातो तर विचारते, आपण कोणाकडून आलात?"

रिटर्नवाल्यांना जेवायला मांडलेली ती दोन ताटं आठवली.

"तुमचं स्वतःचं रिटर्न भरलंत?" नवऱ्यानं विचारलं.

"सगळ्यांच्या आधी."

"माणसं किती लिहिलीत?"

"दोन."

नवऱ्यानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्याला खरंच वाईट वाटलं असावं. "जा लवकर. दुरुस्ती भरा. तीन लिहा. राहू दे त्याला, पण तुम्हीही राहाल."

दुरुस्ती भरता येत होती. पण माणसांचा आकडा बदलायचा तर घरातल्या दुसऱ्या मोठ्या माणसानं तो सांगून खाली सही करावी लागते. रिटर्नवाल्यांनी हाच नियम आजवर शेकडो लोकांना ऐकवला होता, कपाळाला आठ्या घालून. आज घराकडे पळताना त्यांना एवढंच हवं होतं, की तिनं 'तीन' म्हणावं. वाटेत ते मनाशी घोकत होते: आता रोज वेळेवर जेवायला बसेन, सायकलची गोष्ट पहिल्यापासून ऐकेन, मामाचं पुढे काय झालं ते विचारेन. वाटेतल्या दुकानातून त्यांनी दुरुस्तीचा कोरा कागद घेतला आणि बाकीच्या कागदांबरोबर पिशवीत कोंबला.

दार बायकोनंच उघडलं. तिच्या चेहऱ्यावर ओळखीचं हसू होतं. दारात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ती द्यायची तेच.

"या, बसा ना," ती म्हणाली आणि तिनं डुगडुगती खुर्ची पुढे केली.

ते बसले. टेबलापलीकडे त्यांची हाताची खुर्ची जराशी वळलेली होती आणि तिची उशी दबलेली होती. उशीकडे बघायचं नाही असं त्यांनी ठरवलं. पिशवीतून कागद काढून टेबलावर ठेवला, बोट त्या रकान्यावर ठेवलं.

"अगं, एकच सांग. फक्त एकच. घरात माणसं किती?"

तिनं कागदाकडे पाहिलं. तिच्या कपाळावर बारीक आठी पडली. काहीतरी अगदी जवळचं, आत्ताच हातात असलेलं, कुठे ठेवलं ते आठवावं तशी ती त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. क्षणभर त्यांना वाटलं, आठवतंय तिला. तिचे ओठ हललेही.

"कुठली माणसं धरायची?" तिनं विचारलं.

"आपली. तू, मी... तीन म्हण गं. मी तीन लिहितो."

"मला त्यातलं काही कळत नाही हो," ती संकोचून म्हणाली. तिनं पदराला हात पुसले आणि टेबलामागच्या खुर्चीकडे वळली. "थांबा हं. ह्यांना विचारून सांगते."

आणि रिटर्नवाले कागदांची पिशवी मांडीवर घेऊन उत्तराची वाट बघत बसले.