वाटीभर आसवं

बंद पडलेल्या कापड दुकानाच्या मागच्या खोलीत त्या दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. जिकडे बघावं तिकडे बाळं, आणि झाडून सगळ्यांची नाकं चोंदलेली. कुणी घुरघुरत होतं, कुणी तोंड वासून श्वास घेत होतं, कुणी नुसतंच कोकलत होतं. ही शेंबडी मंडळी मांडीवर घेऊन आया, आज्या आणि दोन-चार अवघडलेले बाप आसवंबाबांची वाट बघत बसले होते.

आसवंबाबा आले ते डोळे पुसतच. पूर्वी ते नाटक कंपनीत होते म्हणे, आणि त्यांचा रडण्याचा प्रवेश असला की पहिल्या रांगेत रुमाल पुरत नसत. आता कंपनी बंद पडली होती, तेव्हा ते सगळ्या जगासाठी रडत.

"आम्ही रात्रभर रडतो, म्हणून तुमची लेकरं रात्रभर झोपतात," असं म्हणून त्यांनी पांढऱ्या फडक्याखालची काचेची वाटी उघडली. वाटी अर्धी भरलेली होती. तिच्यावर वाकून त्यांनी सगळ्यांदेखत एक टपोरा अश्रू आत सोडला, ड्रॉपर बुडवला आणि पहिल्या बाळाच्या दोन्ही नाकपुड्यांत थेंब टाकले. बाळ दचकलं, शिंकलं, नाकातून वाहिलं ते आईनं पुसलं आणि घुरघुर थांबली. खोलीतल्या सगळ्यांनी तोंडात बोटं घातली. तोच ड्रॉपर पुढच्या नाकाकडे वळला.

रांगेत एक आजी होती, सोबत सून आणि नातू. शाळांचे गणवेश शिवण्यात तिची हयात गेली होती आणि बोटभर कापडाचासुद्धा हिशेब ती सोडत नसे. पण नातवाचं काही निघालं की तिचं सगळं शहाणपण पार गळून पडायचं. नातू जेमतेम दोन महिन्यांचा. नाक चोंदल्यामुळे तो धड दूध पीत नव्हता. दोन घोट घ्यायचा, श्वास कोंडला की सोडून द्यायचा आणि भुकेनं रडायचा. सुनेच्या नाकी नऊ आले होते आणि आजीच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

बाबांचे थेंब पडले, नातू शिंकला आणि तिथंच कोपऱ्यात आईच्या कुशीत गटागटा प्यायला. आजीला रडूच फुटलं. बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि अट सांगितली. रोज यायचं, आणि डॉक्टरची पायरी चढायची नाही. चढलात तर आसवांचं नुसतं पाणी होतं.

सून शाळेत विज्ञान शिकवायची. सध्या बाळंतपणाच्या रजेवर होती. ती यावर नाक मुरडणार हे आजीनं गृहीतच धरलं होतं, म्हणून घरी येताना तिनं उत्तरंही तयार ठेवली होती. पण सून भांडली नाही.

"नाक उघडलं हे खरं आहे, आई," ती म्हणाली. "ते बाबांच्या दुःखानं उघडलं का, तेवढं मला माहीत नाही."

आजीला हे भांडणापेक्षा जास्त झोंबलं.

रोजच्या वाऱ्या सुरू झाल्या. गंमत अशी, की थेंब टाकले की नाक उघडायचं, आणि घरी आलं की आधीपेक्षा जास्त चोंदायचं. बाबांची रांगही रोज लांबत चालली. नुसती सोबत म्हणून आलेली धडधाकट बाळंसुद्धा 'घ्या, आलाच आहात तर दोन थेंब' म्हणून ड्रॉपरखाली गेली आणि दोन दिवसांनी नाक गाळत रांगेत उभी राहिली. बाबांची कीर्ती वाढत होती, असं आजीला वाटत होतं.

मग एका सकाळी नातवाचं अंग तापलं. सून म्हणाली, दवाखान्यात जाऊ. आजीनं बाबांची अट काढली, शपथा घातल्या, रडली, आणि दिवस तसाच काढला. संध्याकाळी बाळानं छातीला तोंडच लावलं नाही. सुनेनं त्याला दुपट्यात गुंडाळलं, पायांत चपला सरकवल्या आणि निघाली. आजी तिच्यामागून बाबांची माफी पुटपुटत गेली.

डॉक्टरीणबाईंनी ताप बघितला आणि त्यांचा चेहराच बदलला. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर एक तासही वाट बघायची नसते, त्या म्हणाल्या. त्यांनी रक्त तपासलं, छातीचा फोटो काढला, बाळाला रात्रभर तिथंच ठेवून घेतलं. आजी बाहेरच्या बाकावर बसून होती. पहाटे ताप उतरला. छाती स्वच्छ होती, सर्दीच होती. आजीचा जीव भांड्यात पडला.

मग डॉक्टरीणबाईंनी एक सीलबंद बाटली उघडली, नाकात दोन-दोन थेंब टाकले, वाहिलेलं मऊ फडक्यानं टिपलं आणि बाळ गटागटा प्यायलं. आजी चकित. ही बाईपण रात्रभर रडते की काय, असं क्षणभर तिच्या मनात येऊन गेलं. बाईंनी सांगितलं, दूध पाजण्याआधी थेंब टाका, थोडं-थोडं पाजा, नाकात तेल नको, तीव्र वासाचं मलम नको, गरम पाण्याची वाफ तर नकोच, भाजतं. आणि एका बाळाचा ड्रॉपर दुसऱ्याच्या नाकाला लावू नका, सर्दी त्याच वाटेनं फिरते.

आता आजीची श्रद्धा बघा. तिनं ठरवलं, बाबांची आसवं चांगलीच आहेत, फक्त ड्रॉपर वाईट आहे. बाबांना हे कुणीतरी सांगायला हवं. म्हणून बाळ घरी आल्यावर ती एक वाटी उकळून, कोरडी करून, नवा ड्रॉपर घेऊन बाबांच्या खोलीत पोचली.

"बाबा, आमच्या बाळापुरती वेगळी आसवं द्या," ती म्हणाली. "या वाटीत रडा."

बाबा म्हणाले, आसवं रात्रीच येतात. आजी म्हणाली, रोज आमच्यादेखत दुपारी येतं ना एक, तसंच येऊ द्या, मला घाई नाही. आणि ती समोर मांडी ठोकून बसली. सगळी खोली बघत होती. बाबांचा नाइलाज झाला. त्यांनी वाटी हातात घेतली आणि रडायला लागले.

रडले मात्र झकास. हुंदके दिले, खांदे हलवले, गालांवरून धारा आल्या आणि निम्म्या दाढीतच मुरल्या. पुढच्या ओळीतल्या दोघी-तिघींना खरंच भरून आलं. बऱ्याच वेळानं बाबा थकून थांबले. आजीनं वाटी तिरकी करून बघितली. बुड जेमतेम ओलं झालं होतं. ड्रॉपर दाबला तर त्यात नुसती हवा शिरली.

आजीनं वाटी खाली ठेवली. एका शर्टाच्या कापडात सबंध वर्गाचे गणवेश बसवा म्हणणारी गिऱ्हाइकं तिनं आयुष्यभर परत पाठवली होती.

"एवढा वेळ रडून एक थेंब भरत नाही," ती सावकाश म्हणाली. "मग ती वाटी रोज कशानं भरते?"

मागून कुणीतरी खुदकन हसलं. मग हसू सगळ्या खोलीत पसरलं. बाबांनी चेहरा पुसला. त्यांच्या अंगात आता नाटक उरलं नव्हतं.

"मीठ-पाणी आहे, ताई. नळाचं पाणी आणि चिमूटभर मीठ," ते म्हणाले. "पण नाकं तर उघडत होती ना?"

"उघडत होती. डॉक्टरीणबाईंच्या बाटलीतही मीठ-पाणीच आहे. घट्ट झालेला शेंबूड त्यानं पातळ होतो, त्याला रडायला लागत नाही. तुम्ही मीठ-पाण्याला मीठ-पाणी म्हणाला असता, तर मी तापलेल्या लेकराला दिवसभर घरात धरून बसले नसते." आजीचा आवाज फाटला. "माझ्या हातून काय झालं असतं, ठाऊक आहे तुम्हाला?"

बाबांनी आपल्या वाटीवर पांढरं फडकं ओढलं.

आजी आयांकडे वळली. तिनं सांगितलं, की या ड्रॉपरनं यांनी नाकं उघडलीही आणि घरोघरी सर्दीही पोचवली, गिऱ्हाईक यांनीच तयार केलं. मीठ-पाण्याचे थेंब औषधाच्या दुकानात मिळतात, बाळाला स्वतःची बाटली घ्या. बाळ पीत नसेल, बरगड्या आत ओढून श्वास घेत असेल, अंग तापलं असेल, तर कुणाचीही अट ऐकू नका. आणि गुण आला की हात जोडण्याआधी विचारा, कशानं आला.

मधल्या रांगेतली एक कोवळी आई उठून उभी राहिली.

"माझ्या छकुलीचं अंग सकाळपासून गरम आहे," ती म्हणाली. "बाबांनी नको म्हटलं होतं, म्हणून गेले नाही. दवाखाना कुठंय?"

आजीनं तिच्या हातातली पिशवी घेतली. "चल," ती म्हणाली, आणि दोघी भरभर बाहेर पडल्या.