दाखवायची चूल

मी एक जुनी चूल आहे. मातीची, एका तोंडाची, एकोडी गावातल्या तुलारामच्या घराच्या सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, उजव्या कोपऱ्यात बसलेली. मित्रांनो, तुमच्या घरातली चूल पेटवण्यासाठी घातलेली असते. मला मात्र नुसतं दाखवण्यासाठी घातलं होतं.

माझा जन्म त्र्याऐंशीच्या उन्हाळ्यातला, आणि तो भांडणातून झाला.

घरात पाच माणसं. म्हातारी कुंताबाई, तिचा थोरला मुलगा तुलाराम, त्याची बायको चंद्रकांता, त्यांची पोरगी वच्छला आणि कुंताबाईचा धाकटा भोजराज. भोजराजचे दोन्ही पाय लहानपणीच्या तापात वाळून गेले होते. गुडघ्यांना टायरचे तुकडे बांधून तो हातांच्या जोरावर सरकायचा. सरकारने निराधारांना अनुदान सुरू केलं, तेव्हा त्यालाही महिन्याला साठ रुपये मिळू लागले. त्यातून गुडघ्यांच्या जखमांचं मलम यायचं, साकोलीच्या दवाखान्यात जायचं गाडीभाडं निघायचं, आणि काही उरलंच तर घरात साखर यायची. त्या साखरेचा पहिला चहा चंद्रकांता भोजराजला द्यायची. हे मी ऐकलेलं आहे, पाहिलेलं नाही. मी आले तोवर तो चहा बंद झाला होता.

झालं असं, की वच्छला सातवी पास झाली. पुढे शिकायचं तर भंडाऱ्याला मुलींच्या वसतिगृहात जागा मिळायला हवी, आणि जागेसाठी उत्पन्नाचा दाखला हवा. तुलाराम कचेरीत गेला. तिथल्या बाबूने त्याची मजुरी धरली, एका एकराचं धान धरलं आणि शेवटी भोजराजचे पैसेही त्यातच धरले. तेवढ्यानेच बेरीज मर्यादेच्या वर गेली.

तुलाराम घरी आला आणि खांद्यावरचा दुपट्टा त्याने सपरीत आपटला. "बाबू म्हनते, एका चुलीवर जेवते त्याचे पैसे त्या घराचंच उत्पन्न."

भोजराज हसला. "दादा, मले पाय असते तर हे पैसे भेटलेच नसते. नसलेल्या पायाचं पीक निघते काय?"

"तुमाले हसू येऊन राहिलं, भाऊजी?" चंद्रकांता आतून कडाडली. "माह्या पोरीची शाळा तुमच्या साठ रुपयांखाली दबून मेली!"

"मग काय करू, वैनी? वापस करू पैसे? अन् मलम कोन आनन?"

"मले काय विचारता? मी काय डाक्टर हो?"

"सरकार मले देते, वैनी, तुमच्या घराले नाही."

"तुमच्या घराले?" चंद्रकांता उंबऱ्यावर आली. "असं काय? मग आजपासून तुमचं घर कोनतं ते सांगा!"

त्या घरात कुणी वाईट नव्हतं, मित्रांनो. पण त्या दिवसापासून प्रत्येकाच्या बोलण्याला धार आली. ताट वाढलं तरी आदळून, पाणी दिलं तरी पाठ करून.

वाट दाखवली ती पटवारी श्यामरावने. तो म्हणाला, "चूल वेगळी तं घर वेगळं. सपरीत दुसरी चूल दिसली पाहिजे मले. दिसली की मी तसं लिहून देतो."

दुसऱ्या दिवशी कुंताबाईने बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, काठची काळी माती आणली. त्यात धानाचा कोंडा मिसळला, शेण मिसळलं आणि पायांनी तुडवली. तिच्या ओठांवर कीर्तनातलं काहीतरी चाललं होतं. गावात कीर्तन असलं की ती सगळ्यांत पुढे बसायची, आणि बुवांनी आळवलेली ओळ पुढे महिनाभर तिच्या कामात वाजत राहायची. माझ्या भिंती मी त्या सुरातच धरल्या. चूल नुसती दाखवायची होती, तरी तिने माझ्या बाजूला एक रुंद कठडा काढला.

"हे कायले, आई?" तुलारामने विचारलं.

"भोजराजले कोपर टेकवाले."

"पेटवायचीच नाही तं कोपर कायले टेकवते तो?"

म्हातारी कठड्यावरून ओला हात फिरवत राहिली. तिला खोटी चूल घालताच येत नव्हती, इतकंच.

पटवारी आला, त्याने मला उभ्यानेच पाहिलं आणि गेला. माझ्यावर चंद्रकांताने एक रिकामं गंज, भाताचं पातेलं, पालथं घातलं होतं. मला वाटलं, झालं माझं काम.

पण आमच्या गावात हरिनाम सप्ताह असतो. सप्ताहाच्या जेवणासाठी दर चुलीमागे एक पायली तांदूळ द्यायचा, अशी जुनी रीत. तांदूळ गोळा करायला यायचा गोपीचंद, किराणा दुकानवाला. तो पोतं घेऊन दारात उभा राहिला आणि चंद्रकांताने एक पायली आणून दिली.

"एकच?" गोपीचंदची नजर माझ्यावर होती. "सरकारले दोन चुली दाखवता, अन् देवाले एक?"

बाहेर चारदोन माणसं थांबली. कुणीतरी फिदकन हसलं.

"तुमच्या घरी काय हो, गोपीचंदभाऊ?" चंद्रकांताने पदर खोचला. "दुकान एक, खानारे एका पंगतीत, अन् राशनचे कार्ड तीन! ते कोनत्या देवाले दाखवता?"

गोपीचंदचं तोंड काळंठिक्कर पडलं. "बोल, बोल. ती चूल कशी आहे ते कचेरीत मीच सांगतो. राख नाही, काजळी नाही. अन् पोरगी म्हने शाळेत जाते!"

तेवढ्यात कुंताबाई दुसरी पायली भरून घेऊन आली आणि तिने ती पोत्यात ओतली. गोपीचंद गेला. मग ती सपरीत माझ्यासमोर बसली.

"आता हे पेटवा लागन," ती म्हणाली. "कीर्तनात टाळ्या वाजवाच्या अन् देवाच्या पोत्यात खोट्या चुलीचा तांदूळ घालाचा, हे मले नाही जमत."

"पेटवा," चंद्रकांता म्हणाली. "पन एक सांगून ठेवतो, आई. पेटली म्हनजे पेटली. मंग दोन घरं."

सगळे भोजराजकडे पाहू लागले. एकाने जरी 'राहू दे' म्हटलं असतं तरी तो थांबला असता. कुणी म्हटलं नाही. त्याने सरकत येऊन कठड्यावर कोपर टेकवलं, माझ्या तोंडात काड्या घातल्या आणि स्वतःच्या हाताने काडी ओढली.

पहिल्या दिवशीचा भात करपला. तो त्याने मीठ घालून, मान खाली घालून खाल्ला.

गोपीचंदने बोलल्याप्रमाणे केलं. थोड्याच दिवसांत कचेरीतला साहेब पटवाऱ्याला घेऊन आला. त्याने खाली वाकून माझ्या तोंडात हात घातला आणि बाहेर काढला. बोटं काळी झाली होती, राख अजून ऊन होती. "जळते," एवढंच म्हणून त्याने रुमालाला हात पुसला.

दाखला मिळाला. वच्छला पत्र्याची पेटी घेऊन भंडाऱ्याला गेली. पण दाखला दरसाल नवा लागायचा, म्हणून मला थंड होऊ द्यायची कुणाची हिंमत नव्हती. खोटी म्हणून घातलेली मी, खरी झाले. चंद्रकांता सकाळी सपरी झाडायची तेव्हा तिचा झाडू माझ्यापाशी येऊन थांबायचा. भोजराजने पुढचं झाडावं म्हणून नव्हे. त्याला ती हद्द दिसावी म्हणून. भोजराजही कमी नव्हता. साखर आली की पुडी माझ्यामागे लपवायचा आणि चहा मुद्दाम आवाज करून प्यायचा. म्हातारी धाकट्याजवळ जेवायची आणि पाणी थोरल्याकडे जाऊन प्यायची.

वच्छला सुटीत आली की दोन चुलींच्या मधे उभी राहायची. "मी कुठं जेवू, आई?"

"पाय आहेत तुले. जा जिकडं जाचं तिकडं," चंद्रकांता म्हणायची, आणि म्हटल्यावर तिचं तिलाच लागायचं. पण शब्द मागे घ्यायची त्या घरात कुणाला सवय राहिली नव्हती.

वच्छला दहावी झाली, नर्सच्या ट्रेनिंगला लागली. तिथे शिकतानाच पैसे मिळत. दाखल्याची गरज संपली, म्हणजे माझीही संपली. तरी मी पेटतच राहिले. भोजराज वाट पाहत होता की वैनी बोलावेल. वैनी वाट पाहत होती की भाऊजी आपणहून येतील. कचेरीतला बाबू केव्हाच बदलून गेला होता, पण त्याची बेरीज आमच्या सपरीत अजून बसलेली होती.

मग पुन्हा सप्ताह आला. देवळातून बुवांचा आवाज येत होता, मागे टाळ चालू होते. गोपीचंद पोतं घेऊन दारात आला. आता त्याचे केस पिकले होते, आवाज मात्र तोच.

"किती चुली धरू? एक का दोन?"

तुलारामने कुंताबाईकडे पाहिलं, कुंताबाईने भोजराजकडे. माझ्यावर त्याचा भात अर्धा शिजला होता. एवढ्यात चंद्रकांता घरातून आली. तिने पदराने धरून माझ्यावरचं गंज उचललं, आत नेलं आणि आपल्या चुलीवर ठेवलं.

"एक धरा," ती आतूनच ओरडली. "अन् भाऊजी, तुमी काय पाहून राहिले? दोन-दोन ठिकानी लाकडं जाळाले लाकडं काय फुकट येते? चला, सरका आत!"

भोजराज सरकला. कठड्यावरून त्याचं कोपर निघालं ते शेवटचं.

कुंताबाईने दोन पायल्या भरून आणल्या. "चूल एकच, गोपीचंद. पायल्या दोन घे. देवाले माहीत आहे काहून ते."

माझ्या तोंडातला विस्तव हळूहळू राखेखाली गेला. विझताना आनंद झालेली चूल तुम्ही कधी पाहिली नसेल, मित्रांनो. ती मी आहे. आता माझ्या तोंडात कोंबडी अंड्यांवर बसते, आणि चंद्रकांताचा झाडू माझ्यापुढून पार भिंतीपर्यंत जातो.

तुम्ही शिकाल, मोठे व्हाल, तुमच्यातला कुणी कचेरीत बसून घरांची उत्पन्नं मांडेल. तेव्हा माझी एक विनंती ध्यानात ठेवा. पांगळ्याच्या गुडघ्याला लावायचं मलम त्याच्या पुतणीच्या पुस्तकांतून वजा करू नका. तेवढं केलंत, तर कुठल्याच म्हातारीला सपरीत दुसरी चूल घालावी लागणार नाही.