सुग्राबीची बत्ती

सुग्राबीनं तराजूच्या एका पारड्यात चिंध्यांचा बोळा ठेवला आणि दुसऱ्यात तुरीचे दाणे एकेक करून टाकले. नव्वद झाले तेव्हा काटा सरळ उभा राहिला. समोर बसलेल्या रहमतनं मूठभर दाणे उचलून पारड्यात ओतले.

"एवढी बत्ती कर. उद्या हात आखडू नको."

तिनं त्याचे दाणे वेचून बाजूला काढले.

"पलीकडं जिनिंग हाय. कापसाच्या गंज्या लागल्या हायेत तिथं."

"दरसाली तुह्यं हेच. लोकं म्हणतात, रहमतचा गुब्बारा दिसते राजावाणी अन् पडते शेजारच्या वावरात. उद्या साहेबासमोर बी तसंच?"

सुग्राबी बोळा सुतळीनं आवळू लागली.

रहमत पुसदच्या बाजारात गॅसबत्त्या दुरुस्त करायचा आणि लग्नाला, उरुसाला कागदी गुब्बारे उडवायचा. कागद, खळ, बांबूची कडी हे सगळं त्याचं. खाली टांगायची बत्ती मात्र बायकोची. जवसाच्या तेलात भिजवलेला बोळा जितका मोठा, तितका वेळ गुब्बारा हवेत. ही विद्या तिनं ढाणकीहून, माहेरून आणली होती. तिथं तिच्या वडिलांचा एक गुब्बारा जळत्या बत्तीसकट कापसाच्या गाडीवर उतरला होता. गाडी गेली, बैल भाजले. तेव्हापासून त्या घरात बत्ती मोजून होऊ लागली. कापसाच्या अलीकडे ती विझलीच पाहिजे.

पण १९६४ सालची ही सव्वीस जानेवारी साधी नव्हती. वीजघरात यंत्र बसवायला स्वित्झर्लंडहून वाल्टर नावाचा फिटर आला होता. उरुसात रहमतचा गुब्बारा पाहून तो हरखला. त्याच्या मुलखात म्हणे माणसं असल्याच पण प्रचंड मोठ्या फुग्याखाली टोपलीत बसून उडत, आणि दहा-दहा देशांचे लोक स्पर्धेला येत. तो स्वतः दोनदा स्पर्धेत उतरला होता. हे ऐकल्यापासून हेडमास्तर सदाशिवरावांना चैन पडेना. त्यांनी झेंडावंदनाच्या आधी शाळेच्या मैदानावर आंतरराष्ट्रीय गुब्बारा स्पर्धा जाहीर करून टाकली. दोन देश झाले की आंतरराष्ट्रीय होतंच, असं त्यांचं म्हणणं, आणि हेडमास्तरांशी वाद घालायला गावात कोणाला वेळ होता!

तेवढ्यात तेच वही घेऊन दारात आले.

"रहमतभाई, तुमचा गुब्बारा कुठं पडेल? साहेबांनी दोघांकडून आधी लिहून घ्यायला सांगितलंय."

"कायले?"

"सांगाडा आणायला माणूस पाठवावा लागेल ना." हे कारण सदाशिवरावांनी स्वतःच ठरवलं होतं.

"लिहा, नदीच्या पार!"

"लिहू नका, गुरुजी," सुग्राबी आतून म्हणाली. "या दिवसांत सकाळचं वारं जिनिंगकडंच जाते. मधात पडीत वावर हाय, तिथं एकटी बाभूळ हाय. तिच्यापाशी पडंल."

सदाशिवरावांनी रहमतकडं पाहिलं. त्यानं तोंड फिरवलं. बायकोसमोर खोटं लिहून घ्यायची त्याची हिंमत नव्हती आणि खरं कबूल करायची इच्छा नव्हती. गुरुजींनी बाभूळ लिहिली. साहेबानं नदीकाठची चिंच लिहून दिली होती.

सकाळी मैदानात पाय ठेवायला जागा नव्हती. थंडीनं लोकांच्या तोंडातून वाफा निघत होत्या. वाल्टरनं स्वतः चिकटवलेला पांढराशुभ्र कागदी गुब्बारा आधी उठला. सरळ वर गेला, वळला, जिनिंगवरून जळत्या बत्तीनिशी पुढं निघाला. तो कापसावर होता तेवढा वेळ मैदान गप्प होतं. मग तो नदी ओलांडून ठिपका झाला, दिसेनासा झाला, आणि लोकांनी दिलदारपणे टाळ्या दिल्या.

रहमतनं काडाचा जाळ करून आपला गुब्बारा भरला. केशरी, पांढऱ्या आणि हिरव्या तावांचा तो गुब्बारा हातातून सुटला तेव्हा म्हातारी माणसंसुद्धा उभी राहिली. रहमतचा ऊर भरून आला. असा देखणा गुब्बारा त्यानं आजवर बनवला नव्हता. तो तोऱ्यात पडीत वावरावर गेला, बाभळीच्या वर आला, आणि तिथून खाली येऊ लागला.

"आपला पाहुणा शेजारीच उतरला!" कोणीतरी ओरडलं. हशा पिकला.

रहमत मान खाली घालून राख पायानं पसरत राहिला. बायकांच्या घोळक्यात उभ्या असलेल्या सुग्राबीकडं त्यानं पाहिलं नाही.

सदाशिवरावांनी भोंगा तोंडाशी धरला. "सर्वांत दूर गेलेला गुब्बारा, अर्थात विजेता..."

वाल्टरनं त्यांचा दंड धरला आणि वही मागितली. दोघांचं इंग्रजीत बराच वेळ चाललं. गुरुजींचा चेहरा उतरला, मग हळूहळू उजळला.

"मंडळी, माझी चूक झाली," ते म्हणाले. "साहेब म्हणतात, दूर जातो तो वाऱ्याच्या जोरावर. त्यांच्याकडे माणसानं आधी जागा सांगायची आणि तिथंच उतरायचं. जो जवळ, तो जिंकला." साहेबानं आपल्याला हे आधीही सांगितलं होतं, हे गुरुजींनी सांगितलं नाही. दूर जाणारा हरतो ही गोष्ट त्या दिवसाआधी पुसदमधल्या कोणाच्याच डोक्यात शिरली नसती.

वाल्टरचा गुब्बारा चिंच सोडून पार कुठल्या कुठं गेला होता. सगळं मैदान पडीत वावराकडं लोटलं. वाल्टर बाभळीच्या बुंध्यापासून पावलं मोजत निघाला. बत्तीपाशी पोचला तेव्हा सतरा झाली होती.

"सतरा!" सदाशिवराव ओरडले. "दोन फर्लांगांवरून सतरा पावलं!"

लोकांनी एकच गलका केला. वाल्टरनं वाकून बोळ्याला हात लावला आणि झटकन मागं घेतला. चिंध्यांच्या आत अजून विस्तव होता. तिथून जिनिंगचं तारेचं कुंपण आठ पावलांवर, आणि तारेला लागून कापसाची पांढरी गंजी. वाल्टरनं गंजीकडं पाहिलं, मग आपला गुब्बारा गेला त्या दिशेला पाहिलं. त्याच्या चेहऱ्याचा रंग उडाला. रहमतनं पुढं होऊन बोळा टाचेखाली चिरडला. विस्तव विझला तरी तो चिरडतच राहिला.

"जिंकला भारत!" सदाशिवरावांनी भोंगा उचलला. "आणि भारतातर्फे रहमत शेख..."

पोरांनी रहमतला खांद्यावर घ्यायला हात घातले. त्यानं ते सोडवले.

"थांबा, गुरुजी. माह्यं नाव नका घेऊ."

"अहो, असं कसं?"

"बत्ती हिनं मोजली. बाभूळ बी हिनंच सांगितली. मी म्हणत होतो, नदीच्या पार." सारं गाव ऐकत होतं. "पहाटी ही पाण्याले गेलती, तवा मी बोळा पुन्हा तेलात बुडवला. म्हटलं, जाईल थोडा दूर."

सुग्राबी घोळक्यातून पुढं आली होती. तिनं कुंपणाकडं पाहिलं, मग नवऱ्याकडं.

"ते सतरा पावलं माह्ये," रहमत म्हणाला. "बाकी सारं तिचं."

हे साहेबाला कसं सांगावं ते सदाशिवरावांना पटकन सुचेना. त्यांनी वही उघडली, लिहिलेलं एक नाव खोडलं, दुसरं लिहिलं आणि भोंग्यात घसा साफ केला.

"आंतरराष्ट्रीय गुब्बारा स्पर्धा. विजेता देश, भारत. सुग्राबी रहमत शेख, राहणार पुसद."

सुग्राबीनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि मान ताठ ठेवून पुढं झाली. पहिली टाळी रहमतनं वाजवली.