‘अँड’नंतरची रिकामी जागा

इंग्रजीचे सर वारले, तरी क्लास बुडाला नाही. त्यांचे सगळे पाठ रेकॉर्ड करून ठेवलेले होते. संचालकांच्या मते सर आता पूर्वीपेक्षा वेळेवर येत होते.

खोड एकच. ‘अँड’, ‘बट’, ‘ऑर’च्या अलीकडे शब्दांचा जो साचा तोच पलीकडे हवा, हे शिकवताना ते वाक्य अर्धं सोडत. ‘ही लाइक्स रीडिंग, रायटिंग अँड...’ म्हणून थांबत. उरलेलं मुलांनी भरायचं. मुलं जांभया देत. संचालकांनी नव्या सरांना रेकॉर्डिंगमधले हे थांबे कापायला बसवलं.

रिकाम्या वर्गात नव्या सरांनी पाठ लावला. ‘रीडिंग, रायटिंग अँड...’

“नळ दुरुस्तीला माणूस येऊन गेला,” भिंतीपलीकडून बाईचा आवाज आला.

“व्हेरी गुड,” पडद्यावरचे सर म्हणाले.

क्लास म्हणजे सरांच्याच घराची पुढची खोली होती. नवे सर मागच्या दाराशी गेले. सरांच्या पत्नीने दार उघडलं.

“आवाजाचा त्रास होतो का, काकू?”

“तुम्ही कोण?”

“नवा मास्तर.”

“जुने असताना?”

नव्या सरांनी चाचरत कापाकापीचं सांगितलं.

“मग मी बोलायचं कधी?” काकू म्हणाल्या. “जिवंतपणी मला वाक्य पुरं करू दिलं नाही. आता कुठं ऐकून घ्यायला लागलेत.”

“नोकरीचा प्रश्न आहे, काकू.”

“कापा बापडे. पण शेवटचं काय बोलायचं ते मला ठरवू द्या.”

नवे सर परत येऊन बसले. वाक्य आलं, ‘अँड’ आला, सर थांबले. भिंत गप्प. थांबा नेहमीसारखा संपायला हवा होता, संपला नाही. पडद्यावर वेळ पुढे सरकत होती. सर हातात खडू धरून भिंतीकडे बघत होते, मध्येच पापणी लवत होती. कापायला थांब्याला दुसरं टोक लागतं. ते येईना.

संचालक डोकावले. “केवढा हा थांबा. आधी हाच उडवा.”

“संपत नाहीये, साहेब.”

संचालकांनी स्वतः बटण दाबून पाहिलं. मग प्लग काढला. सर तसेच उभे. संचालकांना एकाएकी एक महत्त्वाचा फोन आठवला, आणि ते बाहेर गेले.

नव्या सरांनी भिंतीवर हलकेच टकटक केली. “काकू, काहीतरी बोला. ते खोळंबलेत.”

पलीकडून उत्तर आलं, पण नव्या सरांपुरतं, दबक्या आवाजात.

“खोळंबू देत. मी बोलले की जातील.”