बारा फुटांची काथवट

"कुठं उतरवू, ते सांगा आधी," टेम्पोवाला म्हणाला. "मला अंधाराच्या आत किन्हवलीला परत जायचंय."

"कुठंच नको. माजी नाय ती," गोजरबाई म्हणाली.

टेम्पोवाल्यानं खिशातला कागद काढून वाचून दाखवला. कागदावर गोजरबाईचं पूर्ण नाव होतं आणि खाली प्रधानबाईंची थरथरती सही होती. टेम्पोत होडी होती. बारा फूट लांब, रंगाचे पोपडे निघालेली, आणि तिच्या पोटात दोरीनं बांधलेली एक लांबलचक डोलकाठी. समुद्र इथून कुठच्या कुठे. पाण्यावर चालणारी वस्तू म्हणून वाडीला माहीत होती ती फक्त बाळारामची ट्रकची ट्यूब, तिच्यावर बसून तो पाझर तलावात मासे धरायचा. त्यामुळे टेम्पोभोवती अख्खी वाडी जमली, आणि बघ्यांना काय, फुकटचा तमाशा कोणाला नको असतो?

खरं सांगायचं तर चूक गोजरबाईच्या जिभेची होती. प्रधानबाईंच्या शेतघरावर तिनं बावीस वर्षं भाकऱ्या थापल्या. घरामागच्या पडवीत ही होडी होती. बाईंच्या वडिलांनी ती मुंबईला बांधून घेतलेली, आणि बाई लहानपणी तिच्यात बसून शीड लावून फिरलेल्या. आता बाई चौऱ्याऐंशीच्या झाल्या. शेतघर विकून पुण्याला भाचीकडे निघाल्या, तेव्हा नव्या मालकाचा मॅनेजर दिपेश म्हणाला, हे लाकूड जळणाला जाईल. गोजरबाईच्या तोंडून पटकन निघून गेलं, "एवढं चांगलं लाकूड जाळता? त्यापरीस मला द्या." बोलायचं म्हणून माणूस बोलतो. पण बाईंनी ते खरं धरलं आणि कागद केला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

होडी शेवटी अंगणात उतरली. भात वाळवायची जागा तिनं अडवली. कोंबड्यांनी मात्र पहिल्याच संध्याकाळी तिला आपली मानली.

ओट्यावर बसून कुंडलिक हे सगळं बघत होता. कुंडलिक म्हणजे गोजरबाईचा नवरा, पंचक्रोशीतला मिस्त्री. बैलगाड्या, पाळणे, दारं, खिडक्या, त्याच्या हाताला काही वर्ज्य नव्हतं. दोन वर्षांपूर्वी लकवा आला आणि त्याचा उजवा हात कायमचा मांडीवर पडला. तेव्हापासून तो ओट्यावरून फारसा उठत नसे. बोलणंही कमी झालं होतं. एक गोष्ट मात्र सुटली नव्हती. रोज सकाळी अंघोळ झाली की तो डाव्या हातानं सुताराची चपटी पेन्सिल उचलायचा आणि कानावर लावायचा. दिवसभर ती कानावर असायची आणि झोपताना कोनाड्यात जायची. गोजरबाईला ते बघवत नसे, पण त्यावर ती कधी बोलली नाही.

होडी भंगारवाल्याला द्यायचं तिनं मनात पक्कं केलं होतं. आणि चौथ्या दिवशी ती पाणी घेऊन आली, तर ओटा रिकामा. कुंडलिक होडीपाशी उकिडवा बसला होता आणि डाव्या हाताच्या बोटांनी फळी वाजवून बघत होता.

"साग हाय गो," तो म्हणाला. "जुना. आता असा मिलत नाय. आनि खिले बघ, तांब्याचे."

दोन वर्षांत नवऱ्याच्या तोंडून सलग एवढे शब्द तिनं ऐकले नव्हते. हंडा खाली ठेवून ती आत गेली आणि खुंटीवरची हत्यारांची पिशवी काढून बाहेर आली. भंगारवाल्याचा विषय त्या दिवशी संपला.

काम सुरू झालं ते असं. त्यानं सांगायचं, तिनं करायचं. रंधा कसा धरायचा, पटाशीचं तोंड कुणीकडे ठेवायचं, हे शिकवताना कुंडलिक असा खेकसायचा की शेजारीण सोडवायला यायची. गोजरबाईही काही कमी नव्हती. "भाकरी थापून बघा तुमी येकदा, मंग वरडा," असं म्हणून ती रंधा पुढे ढकलायची. फळ्यांच्या सांध्यांमध्ये जुना, कुजका कापूस भरलेला निघाला. कुंडलिकनं तो बघून नाक मुरडलं.

"आलशी कारागीर. फट बुजवाया चिंध्या भरल्यान. सगला काढ."

तिनं सगळा कापूस उकरून काढला. मग त्याच्या सांगण्यावरून प्रत्येक फटीत लाकडाचा भुसा आणि डिंक घोटून ठासला, वर टणक लांबी, म्हणजे फटी बुजवायचा लेप, भरली, घासून गुळगुळीत केली. होडी अशी दिसायला लागली की बघणाऱ्यानं हात फिरवावा.

याच सुमारास दिपेश मोटरसायकलवरून आला. शेतघराचं रिसॉर्ट होत होतं आणि मालकाला आता नवी कल्पना सुचली होती. होडी मधोमध कापायची, उभी करायची आणि सरबताचा काउंटर बनवायचा.

"मावशी, तुमी मागाल ते देतो," दिपेश म्हणाला. "असं पण तुमी काय करनार हिचं? पान्यात टाकली तर दगडासारखी जाईल."

कापायची हा शब्द ऐकून कुंडलिक ओट्यापर्यंत चालत गेला आणि भिंतीकडे तोंड करून बसला. त्याची ती पाठ बघितली आणि गोजरबाईची जीभ पुन्हा एकदा सुटली.

"म्हशाची जत्रा झाली का ये. तलावात तरंगली तर माजी. नाय तरंगली, तर फुकट घेऊन जा नि काप."

म्हसा गावची जत्रा महिन्यावर आली होती, आणि वाडीतली चार माणसं साक्षीला होती. आता माघार नव्हती.

दिपेश गेल्यावर कुंडलिक म्हणाला, "आत पानी भरून बघू. कुठं झिरपत असंल तर कलंल."

दोघांनी मिळून होडीत पाणी ओतलं. दोन दिवस ते टिकलं, कुंडलिकच्या मिशीत हसू आलं. तिसऱ्या दिवशी सकाळी अंगणातून कडाड् असा आवाज आला. गोजरबाई धावत गेली. डाव्या बाजूची एक फळी मधोमध तडकली होती आणि सगळं पाणी अंगणभर झालं होतं. कुंडलिक त्या फळीकडे बघत राहिला. मग ओट्यावर जाऊन बसला. त्या दिवशी पहिल्यांदाच पेन्सिल दुपारीच कोनाड्यात गेली.

गोजरबाईला रडू आलं. होडीसाठी नाही. इतक्या महिन्यांनी उठलेला माणूस पुन्हा बसला, त्यासाठी. पण रडून भाकरी होत नाही, म्हणून ती चुलीपाशी गेली. पीठ मळायला काथवट ओढली. आईची लाकडी काथवट, काठाशी एक बारीक भेग. उन्हाळ्यात ती भेग चांगली नखाएवढी व्हायची. मग आई काय करायची? भेगेत काही भरायची नाही. ओढ्याच्या डोहात काथवट बुडवायची, वर दगड ठेवायची आणि चार दिवस तिकडे फिरकायचीसुद्धा नाही. वर काढली की भेग बेपत्ता.

पिठाचे हात तसेच घेऊन ती ओट्यावर आली.

"अवो, दाराला फट कशाला ठेवता तुमी?"

कुंडलिकनं मान वळवली. "पावसाल्यात फुगतंय म्हनून."

"मंग ही काय पत्र्याची हाय? हिला फुगाया जागा कुठं ठेवली? आपन तिचं तोंड दाबून धरलं, ती फुटली. तो कापूस आलशानं नव्हता भरला. मऊ हाय, दबतो, म्हनून भरलावता."

चाळीस वर्षं दारांना फटी ठेवणाऱ्या माणसाला होडीची फट दिसली ती फक्त भोक म्हणून. हे त्याला उमगलं तेव्हा तो कपाळावर हात मारून घेईल असं तिला वाटलं. पण तो उठला, माळ्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, "वरती सागाची येक फली हाय. देव्हाऱ्यासाठी ठेवलेली. काढ."

ती फळी तासायला आठ दिवस लागले. करवत तिच्या हातात आणि तिच्या मनगटावर त्याचा डावा हात. फळी एका टोकाला जराशी वाकडी झाली. "ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. टणक लांबी सगळी उकरून काढली. जुनी गादी फाडून तिचा कापूस पिंजला, अळशीच्या तेलात भिजवला आणि सांध्यांत हलक्या हातानं बसवला. उंदरांनी खाल्लेल्या शिडाला मांडववाल्याकडच्या जाड कापडाची ठिगळं लागली. पुण्याला फोन केला तेव्हा प्रधानबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "बुडवणार आहेस ना आधी?" गोजरबाई म्हणाली, "व्हय बाई." पलीकडून बाई मोठ्यानं हसल्या.

म्हशाची जत्रा झाली. सोमवारी सकाळी ट्रॅक्टरवर घालून होडी तलावावर नेली. अर्धी वाडी मागे. आठ माणसांनी होडी पाण्यात लोटली आणि प्रत्येक सांध्यातून पाणी आत यायला लागलं. कोणी हळहळलं, कोणी हसलं. गोजरबाईनं लुगडं खोचलं, गुडघाभर पाण्यात उतरली आणि काठावरचे दगड उचलून एकेक करून होडीत ठेवायला लागली.

"मावशी, येडी झालीस काय?" बाळाराम ट्यूबवरून ओरडला.

"काथवट भिजवते," ती म्हणाली. "तू तुजे मासे बघ."

तोंडानं असं म्हणाली खरी, पण होडीचा काठ पाण्याखाली गेला तेव्हा पुढचा दगड तिच्या हातातच राहिला. पैजेत होडी जाईल याची तिला फिकीर नव्हती. बुडबुडे थांबले, तेव्हा तिनं वळून काठाकडे बघितलं. कुंडलिक करंजाच्या सावलीत काठी टेकून उभा होता. त्यानं तिच्याकडे बघून मान हलवली. बरोबर चाललंय, अशी.

तीन दिवस वाडीनं त्या दोघांवर तोंडसुख घेतलं. कुंडलिक रोज सकाळी चालत तलावावर जायचा, पाण्याकडे बघत बसायचा आणि दुपारी परतायचा. दोन वर्षं जो माणूस ओटा उतरत नव्हता तो आता रोज मैलभर चालत होता, हे कोणाच्या लक्षात आलं नाही. गोजरबाईच्या आलं होतं.

शुक्रवारी दिपेश टेम्पो घेऊनच आला, सोबत दोन माणसं. बुडालेल्या होडीची खबर त्याच्यापर्यंत पोचली होती. काठावर उभा राहून तो म्हणाला, "मावशी, काढून देऊ काय आमीच?"

"थांब जरा. पेज झाल्याबिगर भांडा उतरत नाय," ती म्हणाली.

बाळाराम आणि तिनं दगड बाहेर काढले. होडीचा काठ पाण्याच्या वर आला. मग बादली आणि पातेलं घेऊन दोघं आतलं पाणी उपसायला लागले. शंभर बादल्या झाल्या असतील. तळ दिसला. गोजरबाईनं कोरड्या फडक्यानं तळ पुसून काढला आणि ती होडीतच फळीवर बसली. दिपेशनं दोनदा घड्याळ बघितलं. बऱ्याच वेळानं तिनं दुसरं, कोरडं फडकं काढलं आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत प्रत्येक सांध्यावर दाबत नेलं. वाकड्या फळीपाशी दोनदा दाबलं. मग फडकं उंच धरून काठाकडे फडकवलं. ते कोरडंठाक होतं.

वाडीनं अशी आरोळी ठोकली की पलीकडच्या काठावरचे बगळे उडाले. कालपर्यंत हसणारेच त्यात पुढे होते.

डोलकाठी उभी केली, शीड चढवलं. शीड लावलेलं कोणी बघितलं नव्हतं, पण तलावावरचा वारा बाळारामच्या पाठीला पाठ होता. दुपारी डोंगरावरून उतरतो आणि ट्यूब बांधाकडे ढकलतो, हे त्याला रोजचं. त्यानं दोरी ओढली, ठिगळांचं शीड एकदम फुगलं आणि होडी चालायला लागली. वल्ह्याशिवाय, आवाजाशिवाय. गोजरबाईनं दोन्ही हातांनी काठ गच्च धरला होता. मग तिनं एक हात सोडला. मग दुसराही सोडला. आपण हसतोय हे तिला बऱ्याच उशिरा कळलं.

ती काठावर उतरली तेव्हा दिपेश टेम्पोपाशी घुटमळत होता. हरलेल्या माणसाचा चेहरा त्यानं बरा सांभाळला होता. करंजाच्या सावलीतून पुढे आलेल्या कुंडलिककडे तो वळला.

"मिस्त्री, येक काम होतं. रिसॉर्टची दारं शहरातून बसवून घेतली, सगली खाली घासतात. तुमी येऊन बघाल काय?"

कुंडलिकनं खाली, आपल्या लुळ्या उजव्या हाताकडे बघितलं. मग त्यानं डावा हात वर नेला, कानावरची पेन्सिल काढली आणि पुढे होऊन गोजरबाईच्या कानावर लावली. भिजलेल्या केसांत ती नीट बसेना, म्हणून पुन्हा काढून नीट बसवली.

"मिस्त्रीला इचार," तो दिपेशला म्हणाला, आणि रिकाम्या कानावरून हात फिरवत सावलीकडे वळला.

गोजरबाई त्याच्या पाठीकडे बघत राहिली. पेन्सिलीला अजून त्याच्या कानाची ऊब होती.

"येते उद्या," ती दिपेशला म्हणाली. "पन सकालचीच येईन. दुपारी वारा असतो."